टाके निघाल्यानंतर

रस्ते अपघातातील जखमींना पैसे न भरता उपचार मिळावेत, यासाठी केंद्र सरकारने मे २०२५ पासून एक योजना लागू केली आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवस आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये, अशी तिची मर्यादा. रक्त थांबवणे, हाड जुळवणे, डोक्याचा स्कॅन, वेळ पडली तर शस्त्रक्रिया हे सगळे सात दिवसांत बसते. योजना चांगली आहे. ती प्रत्येक रुग्णालयाच्या दारापर्यंत कितपत पोचते, तो वेगळ्या लेखाचा विषय. मात्र अपघाताने दिलेला एक त्रास असा आहे, की तो या सात दिवसांत बहुधा नजरेलाच पडत नाही. रुग्णालयात असेपर्यंत सलाईन, नातेवाइकांची वर्दळ, विम्याचे कागद आणि पोलिसांचा जबाब यांत माणूस गुंतलेला असतो. घरी आल्यावर, टाके निघाल्यावर, कामावर जायचे म्हणून तो गाडीची किल्ली उचलतो आणि हाताला कंप सुटतो. हा त्रास कुठल्याही डिस्चार्ज कार्डावर लिहिलेला नसतो.

महामार्ग काय चीज आहे, हे भुसावळकरांना सांगायला नको. सुरतेहून धुळे, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर करत नागपूरकडे आणि पुढे पूर्वेला जाणारा हा रस्ता पूर्वी सहा क्रमांकाचा होता, आता त्रेपन्न क्रमांकाचा आहे. चौपदरी झाल्याने वेग वाढला. याच रस्त्यावर रावेर-यावलची केळी भरलेले ट्रक, दीपनगरच्या राखेचे बल्कर, वाळूचे डंपर, एसटी, लग्नाचे वऱ्हाड कोंबलेली क्रुझर आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणारा दुचाकीवाला असतो. मोठे अपघात मात्र फक्त महामार्गावर होत नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये यावल-फैजपूर रस्त्यावर हिंगोण्याजवळ डंपर आणि क्रुझरच्या धडकेत स्वागत समारंभाहून परतणारे मुक्ताईनगर तालुक्यातील चिंचोलचे लोक गेले. पुढच्याच वर्षी, १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री, किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि मालावर बसून घरी निघालेले आभोडा, केऱ्हाळा परिसरातील पंधरा-सोळा मजूर मालाखाली दबून मेले. त्याआधी १८ ऑगस्ट २०१९ च्या रात्री धुळे जिल्ह्यात निमगूळजवळ एसटी आणि कंटेनरची धडक झाली होती, तर ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातल्या पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर मुंबई-आग्रा महामार्गावरच्या हॉटेलात घुसला.

यातल्या प्रत्येक घटनेत काही माणसे वाचली. मृतांची नावे छापून आली, मदत जाहीर झाली, मंत्री येऊन गेले. जखमींची बातमी ‘उपचार सुरू आहेत’ या तीन शब्दांवर संपते. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली. त्यांत १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. महाराष्ट्रात त्या वर्षी ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू. म्हणजे देशात मेलेल्या प्रत्येकामागे अडीचहून अधिक माणसे जखमी होऊन घरी परततात. ज्याला खरचटलेही नाही पण शेजारच्या सीटवरचा माणूस ज्याच्या डोळ्यांदेखत गेला, तो तर या आकड्यात कुठेच नाही. पहिल्यांदा धावत गेलेला टपरीवाला नाही, १०८ चा चालक नाही, आणि घरी फोन घेतलेली बायकोही नाही.

या त्रासाची वैद्यकशास्त्राने पहिली दखल घेतली ती रेल्वेमुळे, ही गोष्ट भुसावळसारख्या जंक्शनच्या गावाला विशेष वाटावी. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ तापीकाठी पोचत होते, तेव्हा तिकडे इंग्लंडमध्ये डॉक्टर एका कोड्यात पडले होते. रेल्वे अपघातातून धडधाकट बाहेर आलेली माणसे काही दिवसांनी झोप येत नाही, हातपाय कापतात, गाडीत बसवत नाही अशी तक्रार घेऊन येत आणि कंपनीकडे भरपाई मागत. जॉन एरिक एरिक्सन या शल्यचिकित्सकाने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत याचे मूळ पाठीच्या कण्याला बसलेल्या हादऱ्यात असल्याचे मांडले. लोक त्याला ‘रेल्वे स्पाइन’ म्हणू लागले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज या दुसऱ्या शल्यचिकित्सकाने त्याला आव्हान दिले. कण्याला काही झालेले नसते, भीतीचा धक्काच एवढा जबरदस्त असतो की त्याने शरीर कोलमडते, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी, की पेज एका रेल्वे कंपनीच्या नोकरीत होता. ‘कण्याला इजा नाही’ हे सिद्ध होणे कंपनीच्या फायद्याचे होते. तरीही त्याचा मुद्दा बराचसा खरा निघाला.

त्याच सुमारास, ९ जून १८६५ रोजी, केंट परगण्यात स्टेपलहर्स्ट येथे पुलावरून घसरलेल्या आगगाडीत कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होता. त्याचा डबा पुलाला लोंबकळत राहिला. तो बाहेर पडला, जखमींना पाणी पाजत फिरला, मरणाऱ्यांपाशी बसला. त्या वेळी हात कापले नाहीत. नंतर मात्र आगगाडीत बसले की मध्येच भीतीची लाट येई. पाच वर्षांनी, योगायोगाने ९ जूनलाच, तो वारला. तोपर्यंत ही भीती पुरती गेलेली नव्हती. या विकाराला ‘आघातोत्तर ताण विकार’, म्हणजे पीटीएसडी, या नावाने अमेरिकेच्या मनोविकार संघटनेच्या अधिकृत यादीत जागा मिळायला १९८० उजाडले, आणि तेही प्रामुख्याने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. म्हणून आजही अनेकांना वाटते की हा युद्धाचा किंवा भूकंपाचा आजार आहे. जामनेर रोडवर दुचाकी घसरून पडलेल्याला तो कशाला होईल?

होतो. जखम किती मोठी होती, यावर तो फारसा अवलंबून नसतो. ‘आता मी मेलो’ असे त्या क्षणी वाटले का, मनावर पकड त्याचीच असते. धडकेच्या सेकंदभरात मेंदूचा धोका ओळखणारा भाग सगळी सूत्रे हाती घेतो. हृदय धडधडते, स्नायू ताठरतात, वेळ लांबल्यासारखा वाटतो. त्या क्षणाची आठवण नेहमीच्या गोष्टीसारखी सुरुवात, मध्य, शेवट अशी साठत नाही. तिचे तुकडे राहतात: करकचून दाबलेल्या ब्रेकचा आवाज, डिझेलचा वास, समोरून डोळ्यांवर आलेला अप्पर. पुढे महिनाभराने यावल नाक्यावर कुणी ट्रकवाल्याने तसाच हॉर्न दिला की शरीर पुन्हा त्याच क्षणात जाते. माणसाला ‘आठवले’ असे वाटत नाही. ते पुन्हा घडते आहे असे वाटते. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की इथे फुंकणारा स्वतःच्या मर्जीने फुंकत नसतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे जवळजवळ प्रत्येकाला थोडेफार होते. रात्री दचकून जाग येणे, वाईट स्वप्ने, चिडचिड, कशातच लक्ष न लागणे, गाडीत मागे बसूनही पायाने नसलेला ब्रेक दाबणे. याला आजार म्हणू नये. शरीर आपले काम करते आहे, बहुतेकांचे ते आपोआप ओसरते. महिना उलटूनही हे ओसरले नाही, किंवा वाढत गेले, तर मात्र ते आघातोत्तर ताणाच्या हद्दीत येते. त्याच्या खुणा साधारणतः तीन वाटांनी दिसतात. प्रसंग पुन्हा पुन्हा जिवंत होतो. त्याची आठवण करून देणारे सगळे माणूस टाळू लागतो. आणि आजूबाजूला सतत धोका आहे या भावनेने तो कायम सावध, ताणलेला राहतो. डॉक्टर काही वेळा महिन्याची वाट न पाहताही हस्तक्षेप करतात. जगण्यात अर्थ नाही असे माणूस बोलू लागला, रोज रात्री दारूशिवाय झोपेनासा झाला, किंवा अन्नपाणीच सोडले, तर थांबायचे कारण नाही.

इथे एक इशारा आवश्यक आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाची डोकेदुखी, चक्कर, विसरभोळेपणा आणि चिडचिड ही भीतीची लक्षणेही असू शकतात आणि मेंदूला बसलेल्या हादऱ्याचीही. ‘घाबरलाय बिचारा’ म्हणून तपासणी टाळणे धोक्याचे. उलट्या, वाढती गुंगी, एका बाजूची कमजोरी दिसली तर तो प्रश्न समुपदेशकाचा नाही, तातडीच्या विभागाचा आहे. मानेची किंवा पाठीची दुखणी रेंगाळली असतील तर त्यांचाही इलाज व्हावा, कारण वेदना प्रत्येक वळणावर अपघाताची आठवण करून देते आणि भीतीने स्नायू आवळले की वेदना वाढते.

आता घरातल्या वागण्याकडे येऊ. खरे नुकसान इथे होते, आणि तेही प्रेमापोटी. खान्देशात कुणाचा अपघात झाला की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. ही आपली चांगली रीत आहे. एकटे पडलेले माणूस लवकर खचते. पण प्रत्येक पाहुणा खाटेच्या कडेला बसून विचारतो, ‘कसं झालं रे भाऊ? नेमका कुठून आला ट्रक?’ आणि जखमीला दिवसातून दहा वेळा तोच क्षण सांगावा लागतो. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात रस्ते अपघातातील जखमींवर झालेला एक प्रयोग इथे आठवावा. काही जखमींना पहिल्या दिवसांतच बसवून प्रसंग सविस्तर सांगायला लावला, भावना मोकळ्या करायला सांगितले. तीन वर्षांनी पाहिले, तर सुरुवातीला ज्यांचा त्रास जास्त होता त्यांच्यातील ‘मोकळे केलेले’ लोक, तसे न केलेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत होते. हा निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून अशी एका बैठकीची सक्तीची उजळणी करू नये असेच मार्गदर्शन दिले जाते. पाहुण्यांची चौकशी म्हणजे वैद्यकीय प्रयोग नव्हे, हे मान्य. तरी त्यातून घ्यायचे ते घेता येते. जखमी स्वतः बोलू लागला तर ऐकावे. त्याच्याकडून वदवून घेऊ नये. घरातल्या एखाद्या मामाने किंवा वहिनीने दारातच ‘तो विषय नको हं’ म्हणून सांगितले, तर त्यात उद्धटपणा नाही.

याच्या उलट टोकाला ‘विसर आता, देवानं वाचवलं ना!’ हे वाक्य असते. ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की आपण बोलायचे नाही. पुरुषाच्या बाबतीत हे जास्त घडते. भीती वाटते असे म्हणणे त्याला कमीपणाचे वाटते. मग ती रागाच्या, गुटख्याच्या किंवा बाटलीच्या वाटेने बाहेर पडते. मुलांचे वेगळे असते. पाच-सहा वर्षांचे मूल खेळण्यातल्या गाड्या पुन्हा पुन्हा एकमेकींवर आपटते, अंथरूण ओले करते, आईला सोडत नाही. त्याला रागावू नये आणि त्याच्यासमोर मोबाइलवर अपघाताचा व्हिडिओ तर अजिबात लावू नये. या व्हिडिओंविषयी थोडे स्पष्टच बोलायला हवे. जखमीला हात देण्याआधी मोबाइल काढणारे दर अपघातात दिसतात, आणि तो तुकडा तासाभरात गावच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याच्या स्वतःच्या फोनवरही तो येऊन पडतो. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही जुनी भीती आता निराधार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच त्याला संरक्षण दिले आहे. चित्रीकरणाची हौस मात्र कोणत्याही कलमाने जात नाही.

पण घरच्यांच्या हातून होणारे सर्वात मोठे नुकसान वेगळेच आहे. ‘आता गाडीला हात लावायचा नाही’ ही शपथ. आई घालते, बायको घालते, कधी माणूस स्वतःलाच घालतो. गाडी विकली जाते. जळगावला नोकरीवर जाणारा आधी बसने जातो, मग बसमध्येही खिडकी टाळतो, मग रजा टाकतो. टाळल्यामुळे त्या दिवशी हायसे वाटते, आणि नेमके तेच घातक ठरते. मेंदू धडा शिकतो: गेलो नाही म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती अधिक लवकर आणि अधिक जोराने येते, टाळायच्या जागांची यादी लांबत जाते. महामार्ग, मग पूल, मग रात्र, मग पाऊस, मग घराबाहेरचा रस्ता. भीती वेळेने जाते असे आपण सहज म्हणतो. टाळत राहिले तर ती वेळेने जात नाही, मुरते.

ती जाते परतण्याने. पण एकदम नाही. ‘चल, आजच बसवतो तुला हायवेला’ म्हणणारा मित्र शपथ घालणाऱ्या आईइतकाच चुकतो. परतायचे ते पायरीपायरीने. सगळ्यात आधी हाडाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिलेली असावी, आणि गुंगी आणणारी गोळी सुरू नसावी. मग दारातल्या उभ्या गाडीत दहा मिनिटे नुसते बसायचे. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करून बसायचे. मग कॉलनीतल्या कॉलनीत एक फेरी, सोबत शांत स्वभावाचे कुणी तरी. मग सकाळी सहाला, वर्दळ सुरू होण्याआधी, खडका रोडवर. ते जमले की नाहाटा चौफुली, आधी पहाटे आणि मग गर्दीच्या वेळी. महामार्गावर पहिल्यांदा जाताना साकेगावापर्यंत जाऊन वाघूरच्या पुलाआधी वळले तरी चालेल. नशिराबादचा टोलनाका पुढच्या आठवड्यात. रात्रीचा प्रवास आणि ज्या ठिकाणी अपघात झाला ती जागा सर्वात शेवटी.

यात एक गोम आहे. प्रत्येक पायरीवर भीती वाटणारच. ती वाटली म्हणजे पायरी चुकली असे नाही. शून्य ते दहा अशा मापात ती सातवर गेली, तर गाडी कडेला सुरक्षित उभी करून, ती चार-पाचवर उतरेपर्यंत तिथेच थांबायचे आणि मग पुढे जायचे. सातवर असतानाच घराकडे वळले, तर मेंदूला पुन्हा तोच जुना धडा मिळतो. तीच पायरी कंटाळा येईपर्यंत करावी. कंटाळा येणे ही इथे प्रगती आहे. संथ श्वास घ्यावा, सोडताना जास्त वेळ लावावा, याचा उपयोग होतो. पण श्वास मोजत बसल्याशिवाय गाडी चालवताच येत नाही अशी सवय जडू देऊ नये. शेजारी बसणाऱ्यानेही दर वळणावर ‘सांभाळून’ म्हणायचे टाळावे. ज्याला रात्रंदिवस तो प्रसंग दिसतो आहे, त्याने हे एकट्याने करू नये. ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावे.

तज्ज्ञ काय करतात, याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. मानसोपचार म्हणजे वर्षानुवर्षे बोलत बसणे किंवा विजेचा झटका, असे अजून अनेकांना वाटते. आघाताच्या प्रसंगावर लक्ष केंद्रित करणारी जी वर्तन-विचार उपचारपद्धती यासाठी सर्वाधिक भरवशाची मानली जाते, तिच्या साधारण आठ ते बारा बैठका असतात. पाहुण्यांसमोरच्या उजळणीत आणि हिच्यात फरक हा, की इथे प्रसंग सुरक्षित वातावरणात, योग्य वेळी, क्रमाने सांगितला जातो, आणि ‘माझ्यामुळेच झाले’, ‘मी पुन्हा निघालो की मरणारच’ अशा त्याला चिकटलेल्या समजुती तपासल्या जातात. मराठी वाचकाला ही विचारांची तपासणी अगदी अनोळखी नाही. किशोर फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली त्याला कितीतरी वर्षे झाली. डोळ्यांच्या ठरावीक हालचालींसोबत आठवण हाताळण्याची ईएमडीआर ही आणखी एक मान्यताप्राप्त पद्धत आहे. नैराश्यावरची काही औषधेही उपयोगी पडतात. याउलट, मेडिकलमधून ओळखीने आणलेली झोपेची गोळी टाळावी. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा सल्लाही असाच आहे, की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या ताणावर बेन्झोडायझेपिन गटातील गोळ्या प्रौढांना देऊ नयेत. सवय लागते ती निराळीच.

नवस फेडणे, दृष्ट काढणे, मारुतीला नारळ देणे यांविषयी हेटाळणीने बोलायचे कारण नाही. माणसाला आधार वाटत असेल तर त्याने ते जरूर करावे. अट एकच: नारळ फोडून झाल्यावर गाडी काढावी. नारळ फोडून गाडी झाकून ठेवली, तर देवालाही टाळण्याच्या यादीत ओढल्यासारखे होईल.

एक आक्षेप मात्र रास्त आहे, आणि तो बाजूला सारता येणार नाही. ही भीती खोटी कुठे आहे? उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर, दिवा नसलेली ट्रॉली, दुभाजकाच्या फटीतून घुसणारी दुचाकी रोज दिसत असताना घाबरणारा माणूस आजारी की शहाणा? पाश्चात्त्य पुस्तकांतले पायरीपायरीचे तंत्र रस्ता मुळात बऱ्यापैकी सुरक्षित आहे असे गृहीत धरते. आपल्याला ती सोय नाही. म्हणून इथे खबरदारी आणि भीती वेगळ्या काढाव्या लागतात. खबरदारीचे काम निघण्यापूर्वीचे आहे: हेल्मेट, मागच्या सीटलाही पट्टा, शक्यतो दिवसा प्रवास, थकलेल्या चालकाला विश्रांती, मालवाहू गाडीवर न बसणे. तिचे निर्णय घेऊन झाले की जायचे. भीतीचे म्हणणे असते, की कितीही केले तरी जायचेच नाही. पहिलीचे ऐकावे, दुसरीशी वाटाघाटी करू नयेत.

आणि ज्याला निवडच नाही त्याचे काय? किनगावच्या अपघातातून जे मजूर वाचले, त्यांच्यासारख्या माणसाला ‘टाळणे’ परवडत नाही. हंगाम असतो, मुकादमाची उचल घेतलेली असते. तो पुढच्या आठवड्यात पुन्हा पपईच्या नाहीतर केळीच्या गाडीवर चढतो. त्याला परतण्याचे धैर्य शिकवायची गरज नाही, गाडीत बसायला जागा देण्याची आहे. मालाच्या ढिगावर मजूर बसवणे बेकायदा आहे हे सर्वांना माहीत असून ते चालते, कारण वेगळ्या गाडीचे भाडे कुणालाच द्यायचे नसते. त्या मजुराच्या भीतीवर समुपदेशनाआधी हा इलाज आहे.

चालकांचा विचार तर आपण करतच नाही. ज्याच्या हातून कुणी गेले, चूक असो वा नसो, त्याच्याकडे समाज फक्त आरोपी म्हणून पाहतो. रेल्वेच्या गावाला याची वेगळी जाण असायला हवी. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे येथे आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून खाली उतरलेल्या प्रवाशांवरून कर्नाटक एक्स्प्रेस गेली; किमान बारा जण मेले. एवढ्या वेगातली गाडी समोर माणूस दिसल्यावर जागीच थांबत नाही, तिला वळवताही येत नाही. इंजिनमध्ये बसणाऱ्याला हे दृश्य आयुष्यात कधी तरी पाहावे लागते, हे भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या घरांना वेगळे सांगावे लागत नाही. एसटीचा चालक, ट्रकचालक, १०८ चा कर्मचारी यांचेही तसेच. अपघातानंतर चालकाची चौकशी होते, ते योग्यच. पण त्याला पुन्हा स्टिअरिंगवर बसवण्याआधी त्याची झोप आणि मनःस्थिती कुणी विचारावी, एवढी अपेक्षा जास्त नाही. त्याच्या मागे पन्नास प्रवासी असतात.

मदत कुठे मिळते? १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, विनाशुल्क, मराठीतही बोलता येते. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच धरण्याचे बंधन घातले आहे, त्यामुळे पॉलिसीचे कागद एकदा काढून वाचावेत. भरपाईच्या दाव्यातही ही जखम मांडता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात भरपाईची जी शीर्षके सांगितली, त्यांत वेदना, यातना आणि आघात यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण न्यायाधिकरणापुढे कागद लागतो. ‘भीती वाटते’ असे तोंडी सांगून भागत नाही. मनोविकारतज्ज्ञाची तपासणी, तारीख, औषधे यांची नोंद लागते, आणि ती बहुतेक जखमींकडे नसते, कारण कुणी त्यांना तिकडे पाठवलेलेच नसते.

ही नोंद सुरू करणे खर्चाचे काम नाही. अपघातातील प्रत्येक जखमीला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर एक ओळ लिहावी: चार आठवड्यांनी झोप, भीती, टाळाटाळ यांबाबत पुनर्तपासणी. त्या तारखेला रुग्णालयातून एक फोन जावा. आशाताई आणि आरोग्य सेवक गावोगाव आहेतच; जखमी शेतमजुरांपर्यंत तो निरोप तेच पोचवू शकतात. विचारायचे प्रश्नही थोडे आहेत. झोप लागते का, अपघात डोळ्यांपुढे येतो का, गाडीत बसता का, कामावर गेलात का. उत्तर ‘नाही साहेब, अजून बसवत नाही’ असे आले, तर जळगावच्या बाह्यरुग्ण विभागाचा वार आणि वेळ त्याच फोनवर सांगावी आणि सोबत कुणाला तरी घेऊन यायला सांगावे. जिल्हा रुग्णालये, रेल्वेचे विभागीय रुग्णालय आणि महामार्गालगतची खासगी रुग्णालये यांना यासाठी कुठल्या नव्या आदेशाची वाट पाहायला नको. रबरी शिक्क्यावर मावेल एवढी ही ओळ आहे.